दवाखान्याची मशिनं दुरुस्त करणारा फौजी गेटवर कशाला उभा करायचा?

सुभेदार साहेब, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. पत्र खटाव तालुक्यातून आलंय, लिहिणारे स्वतः इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत. मुलगा बारावी सायन्स करून ईएमईत, म्हणजे लष्कराची मशिनं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, भरती झाला, आज नाईक आहे, आणि गेली सात-आठ वर्षं मिलिटरी हॉस्पिटलची मशिनं दुरुस्त करायच्या कामावर आहे, म्हणजे व्हेंटिलेटर, मॉनिटर, डीफिब (हृदयाला शॉक देणारं मशिन), ऑटोक्लेव्ह (वाफेनं उपकरणं निर्जंतुक करणारं), सक्शन, जे बिघडेल ते. पुढच्या वर्षी 17 वर्षं पूर्ण करून घरी यायचं म्हणतोय. वडिलांचं म्हणणं, केंद्राच्या एका ऑफिसात गार्डच्या जागा निघणारेत, माजी सैनिकांच्या कोट्यातून होऊन जाईल, पक्की नोकरी आहे, घ्यावी. मुलगा म्हणतो मला हॉस्पिटल लाइनच पाहिजे. घरात यावरनं महिनाभर बोलणं बंद.

साहेब, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मुलाचं बरोबर आहे.

तुमची काळजी मला कळते. तुम्ही स्वतः रिटायर झाल्यावर सहा वर्षं एटीएमच्या बाहेर खुर्ची टाकून बसलात, हे तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे सरकारी गार्ड म्हणजे तुम्हाला बढतीच वाटणार. पण तुमच्या हातात रायफल होती आणि याच्या हातात मल्टिमीटर आहे, फरक तिथंच पडतो. आपल्याकडे माजी सैनिक म्हटलं की मेस्को (राज्याचं माजी सैनिक महामंडळ), डीएससी (लष्करी ठाण्यांवर पहारा देणारं दल), बँक, सोसायटीचं गेट, एवढंच डोळ्यासमोर येतं. व्हेंटिलेटर उघडून जोडणारा माणूस गेटवर उभा करणं म्हणजे ट्रॅक्टर असताना नांगराला बैल शोधत फिरणं.

आता नियमाची गोष्ट, जी तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. केंद्राच्या गट क मध्ये माजी सैनिकांना 10 टक्के जागा असतात, आपल्या राज्यात 15 टक्के समांतर आरक्षण आहे, हे तुम्हाला माहिती असणारच. पण केंद्राच्या नियमाने माजी सैनिक म्हणून सवलत घेऊन एकदा सिव्हिल सरकारी नोकरीत जॉइन झालं की पुढच्या सरकारी नोकरीसाठी तो आरक्षणाचा हक्क संपतो. जॉइन होण्याआधी जिथं जिथं फॉर्म भरलेत त्याची यादी त्या ऑफिसला लिहून दिली असेल तर तेवढ्यापुरती सूट मिळते, बाकी नाही. म्हणजे ते तिकीट एकदाच फाडायचं असतं, आणि तुम्ही ते गार्डच्या जागेवर फाडायला निघालात. उद्या एम्स, रेल्वे हॉस्पिटल किंवा ईएसआयसीत (कामगार विम्याची हॉस्पिटलं) टेक्निशियनची जागा निघाली तर काय करणार? वयाची चिंता करू नका, केंद्राच्या भरतीत वयातनं सर्व्हिसची वर्षं वजा होतात आणि वर 3 वर्षं मिळतात. आणि डिस्चार्जला एक वर्ष राहिलं की माजी सैनिकाच्या जागेवर आत्तापासून अर्जही करता येतो, घरी येईपर्यंत थांबायची गरज नाही.

अजून एक गैरसमज काढून टाकतो कारण तुमच्या पत्रात तो आहे. दहावी पास आणि 15 वर्षं सर्व्हिस म्हणजे ग्रॅज्युएट धरतात, हे खरंय, पण ते साध्या गट क च्या पोस्टना. जिथं टेक्निकल शिक्षण कम्पल्सरी आहे तिथं ते चालत नाही, तिथं डिप्लोमा म्हणजे डिप्लोमाच लागतो. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकचं पण तुम्ही लिहिलंय, तिथं लॅब, फार्मसी, नर्सिंग असिस्टंट अशा कॉन्ट्रॅक्टच्या जागा असतात, मशिन दुरुस्तीचा माणूस ते सहसा ठेवत नाहीत.

मग काम कुठं आहे? भरपूर आहे. नॅशनल हेल्थ मिशनने 29 राज्यांतल्या सरकारी दवाखान्यांची मशिनं मोजली तेव्हा साडेसात लाखांच्या वर निघाली आणि त्यातली 13 ते 34 टक्के, राज्य बघून, बंद पडलेली. मशिन होतं, ते चालू ठेवणारा माणूस नव्हता. त्यातनंच 2015 ला बायोमेडिकल मेंटेनन्सचा कार्यक्रम आला, राज्यं टेंडर काढून कंपनीला काम देतात आणि कंपनीनं जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीला 90 आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के वेळ मशिनं चालू ठेवायची. यासाठी कंपन्यांना जिल्ह्याजिल्ह्यात फिरणारी माणसं लागतात, मोटरसायकलवर टूलबॅग टाकून आज दहिवडी उद्या वडूज. पगार पहिल्या दिवशी कमीच वाटेल, हे आधीच सांगतो, आणि सगळं कॉन्ट्रॅक्टवर असतं. पण याला खाली पेन्शन आहे, 22 वर्षांच्या पोराला जो पगार परवडत नाही तो याला दोन वर्षं परवडतो, आणि दोन वर्षांत तोंडओळख होते ती वेगळीच.

दुसरी वाट मोठ्या खाजगी हॉस्पिटलच्या बायोमेडिकल डिपार्टमेंटची, पुणे, कोल्हापूर, मुंबई. एनएबीएच (दर्जाची मान्यता) घेतलेल्या हॉस्पिटलला प्रत्येक मशिनचं पीपीएम (बिघडण्याआधी ठरल्या वेळी करायची देखभाल) आणि कॅलिब्रेशन (मशिन बरोबर माप दाखवतं का याची तपासणी) कागदावर दाखवावं लागतं, त्यामुळे तिथं शिस्तीचा, रजिस्टर लिहिणारा माणूस आवडतो, आणि रजिस्टर लिहायला फौजीइतकं कुणाला येतं. तिसरी वाट कंपनीत फिल्ड सर्व्हिस इंजिनिअर, जीई, सीमेन्स, फिलिप्स, ड्रेगर अशा, पण तिथं बहुतेक डिप्लोमा-डिग्री मागतात, म्हणून सुरुवातीला त्यांच्या डीलरकडे किंवा थर्ड पार्टी सर्व्हिसवाल्याकडे बघावं. डायलिसिसकडे मी मुद्दाम बोट दाखवीन, तालुक्याच्या गावी सेंटरं झालीत, मशिन आणि पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट रोज चालतात, रोज काहीतरी होतं, आणि पेशंट मशिनला जोडलेला असताना घाबरून न जाता काम करणारा माणूस लागतो.

खरी अडचण कौशल्याची नाही, कागदाची आणि भाषेची आहे. अमेरिकेत लष्कराचा बायोमेडिकलचा कोर्स केलेल्याला तिथल्या सिव्हिल सर्टिफिकेटच्या परीक्षेसाठी तो कोर्स पात्रता म्हणून धरतात. आपल्याकडे इतकी सरळ वाट नाही, ती स्वतः पाडावी लागते, आणि ती वर्दी अंगावर असतानाच पडते, उतरवल्यावर हेलपाटे. म्हणून मुलाला सांगा, आजपासून प्रत्येक कोर्सचं सर्टिफिकेट, लष्करातला ट्रेड सिव्हिलमध्ये कशाच्या बरोबरीचा धरतात तो समकक्षतेचा कागद, सगळं रेकॉर्ड ऑफिसकडनं नीट करून घे, डिस्चार्ज बुकात ट्रेड काय लिहिलाय तो तपास. स्पेलिंगची एक चूक नंतर सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसच्या चकरा मारायला लावते. डीजीआरचे (संरक्षण मंत्रालयाचं माजी सैनिक पुनर्वसन खातं) रिसेटलमेंट कोर्स नोकरीच्या शेवटच्या काळात करता येतात, जवानांना फी भरावी लागत नाही, पण बहुतेकजण ज्याला सुट्टी जुळते तो कोर्स घेतात, मग ईएमईचा माणूस सिक्युरिटी सुपरवायझरचं सर्टिफिकेट घेऊन घरी येतो! त्यानं मेडिकल इक्विपमेंट किंवा निदान इलेक्ट्रॉनिक्सचाच मागावा.

भाषेचं उदाहरण देतो. माझ्याकडे एक माजी सैनिक आला होता, इंटरव्ह्यूत विचारलं पीपीएमचा अनुभव आहे का, हा म्हणाला नाही. अहो, दर आठवड्याला मेंटेनन्स परेडला दुसरं काय करत होता? तेच पीपीएम, फक्त नाव वेगळं. पुढं त्याला एएमसी विचारलं तर तो आर्मी मेडिकल कोअरबद्दल बोलायला लागला, समोरचे ॲन्युअल मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टबद्दल विचारत होते. हसू नका, नोकरी गेली त्याची. तेव्हा बायोडेटात "टास्क", "युनिट", "स्टोअर" असले शब्द नकोत. कुठली मशिनं, ब्रेकडाउन की पीपीएम, कुठल्या टेस्टरवर तपासून दिलं, किती वर्षं, हे मशिनवार लिहायचं. युनिटचं नाव, लोकेशन, किती मशिनं होती हे मात्र लिहायचं नाही, ते त्यालाही माहिती असेल पण नोकरीच्या घाईत माणूस विसरतो.

शिक्षणाचं म्हणाल तर बारावी सायन्सवर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे दोन वर्षांत काम होतं. पण एखादा एजंट पत्त्यावर घरपोच इंजिनिअरिंगचा डिप्लोमा देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून घालवा. 2017 ला सुप्रीम कोर्टानं पत्राद्वारे घेतलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला तेव्हा नोकरीतल्या लोकांचे पण घाम निघाले होते. छावणीच्या बाहेर असले एजंट फार फिरतात.

स्वतःचा धंदा पहिल्या दिवशी नको. वडूज, फलटण, कराडच्या दहा-वीस खाटांच्या हॉस्पिटलांना मोठ्या कंपन्या विचारत नाहीत, तिथं ऑटोक्लेव्ह, ओटी लाइट, मॉनिटर, सिरिंज पंपाचं काम आहे, ते खरंय. पण डॉक्टरचं बिल वसूल करणं ही मशिन दुरुस्तीपेक्षा अवघड विद्या आहे, आणि कॅलिब्रेशनचे ॲनालायझर महाग असतात. आधी तीन-चार वर्षं नोकरी, मग धंदा. आणि एक्स-रे, सी-आर्म, सीटीला हात लावायचा असेल तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी असलेल्या एजन्सीतनंच, नाहीतर नको. "मला येतं" म्हणून चालत नाही, रेडिएशन आहे ते.

तर आत्ता एवढं करा. गार्डचा फॉर्म भरायचाच असेल तर तुमच्या समाधानासाठी भरा, पण सिलेक्शन झालं तरी जॉइन व्हायची घाई नको. मुलगा सुट्टीवर आला की त्याच्या सगळ्या कोर्स सर्टिफिकेटच्या झेरॉक्स आणि त्यानं हाताळलेल्या मशिनांची मेक-मॉडेलसह यादी वहीत लिहून घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा, बायोडेटा आपण समोरासमोर बसून लिहू. येताना तुम्ही पण या, आणि गाडीत त्याच्याशी बोला.