दोन भाषांच्या डिस्कमधून हवी तीच भाषा कशी काढायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जुनी डिस्क आहे, सिनेमा एक आणि भाषा दोन. कन्व्हर्टरमधून फाइल काढली की दोन्ही भाषा एकदम बोलायला लागतात, आणि ऑडिओच्या यादीत ट्रॅक मात्र एकच दिसतो. मग दुसरा ट्रॅक गेला कुठे?

कुठेही गेला नाही, तो नव्हताच. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून ही डीव्हीडी नसून व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर सिनेमा बसवलेली व्हिडिओ सीडी असावी. खात्री करायची तर डिस्क कम्प्युटरवर उघडून फोल्डरची नावं बघा. 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट प्रकारची मोठी फाइल दिसली तर व्हीसीडी. 'व्हिडिओ टीएस' फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ वगैरे फायली असल्या तर डीव्हीडी. पुढचं सगळं यावरच ठरतं, त्यामुळे नवीन सॉफ्टवेअर उतरवण्याआधी एवढं बघून घ्या. 'ट्रॅक बदलून बघा' हा सल्ला डीव्हीडीसाठी बरोबर आहे. व्हीसीडीत बदलायला काही नसतं.

कारण सांगतो. व्हीसीडीचं प्रमाण १९९३ साली ठरलं, तेव्हा साध्या सीडीवर चित्र आणि आवाज दोन्ही कोंबायचे होते. ७४ मिनिटांत डिस्क भरायची, चित्राला सेकंदाला साधारण ११५० किलोबिट आणि आवाजाला २२४ किलोबिट, बस. त्या २२४ मध्ये एकच स्टिरिओ, म्हणजे डावा आणि उजवा अशा दोन चॅनेलचा आवाज बसे. दुसऱ्या भाषेला वेगळी जागा नाही, मग डिस्क काढणाऱ्यांनी सोपी युक्ती केली: डाव्या चॅनेलवर एक भाषा, उजव्या चॅनेलवर दुसरी. हाँगकाँगच्या डिस्कवर कँटोनीज आणि मँडरिन अशाच शेजारी शेजारी नांदायच्या. प्लेअरच्या रिमोटवरच्या बटणाने डावा, उजवा किंवा दोन्ही असं निवडायचं, की झालं. स्टिरिओवर पाणी सोडावं लागायचं, पण एकाच डिस्कवर दोन भाषांचे प्रेक्षक सांभाळले जायचे.

तुमच्या कन्व्हर्टरला यातलं काही माहीत नाही. त्याला दिसतो तो नेहमीसारखा स्टिरिओ आवाज.

आता आधी चाचणी. व्हीएलसी या प्लेअरमध्ये फाइल लावा, ऑडिओच्या मेनूत 'स्टिरिओ मोड' असतो, त्यात 'लेफ्ट' निवडा. एकच भाषा स्वच्छ ऐकू आली, आणि 'राइट' केल्यावर दुसरी, तर प्रश्न सुटल्यातच जमा आहे. नुसतं बघण्यापुरतं हवं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. हेडफोन लावून एक कान झाकला तरी हीच चाचणी होते. मात्र फोनवर ऐकत असाल तर आधी सेटिंगमधला 'मोनो ऑडिओ' बंद आहे ना ते बघा. तो चालू असेल तर दोन्ही कानांत दोन्ही भाषा येतील आणि तुम्ही फाइललाच दोष देत बसाल.

कायमची वेगळी फाइल करताना सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती जागा आधीच दाखवून ठेवतो. एका भाषेचा आवाज मोनोच असणार, म्हणून कन्व्हर्टरमध्ये 'मोनो' निवडायचं, असं डोक्यात येतं. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. पण साध्या मोनोचा अर्थ डावा आणि उजवा मिसळून एक. म्हणजे दोन्ही भाषांची कायमची खिचडी, आणि ती परत निवडून काढता येत नाही. तुम्हाला मिसळलेला मोनो नको, एका बाजूचा मोनो हवा.

हा फरक ओळखणारा सोपा प्रोग्रॅम म्हणजे हँडब्रेक. त्याच्या ऑडिओ विभागात 'मिक्सडाउन'च्या यादीत साध्या मोनोखेरीज 'मोनो, लेफ्ट ओन्ली' आणि 'मोनो, राइट ओन्ली' असे दोन पर्याय आहेत. हवी ती बाजू निवडा, फाइल तयार. तोटा एवढाच की हँडब्रेक चित्रही नव्याने एन्कोड करतो, म्हणजे पुन्हा दाबून साठवतो. व्हीसीडीचं चित्र आधीच ३५२ बाय २८८ किंवा ३५२ बाय २४० पिक्सेलचं, त्यात आणखी एकदा दाबलं तर थोडं धूसर होणारच. फोनवर बघायचं असेल तर मला हे चालतं. जपून ठेवायची प्रत असेल तर नाही.

जपून ठेवण्यासाठी एफएफएमपेग हा कमांडने चालणारा प्रोग्रॅम वापरा. कमांड लिहायची सवय नसेल तर सुरुवातीला जड जाईल, पण काम तीन शब्दांचं आहे: चित्राला 'कॉपी' सांगायचं, म्हणजे त्याला हात लागत नाही, आवाजाला 'पॅन' नावाचा फिल्टर लावून मोनो करायचं, आणि त्या मोनोत कुठला चॅनेल घ्यायचा तो क्रमांक द्यायचा. मोजणी शून्यापासून असते, त्यामुळे डावा म्हणजे ० आणि उजवा म्हणजे १. आवाज मात्र नव्याने एन्कोड करावाच लागतो, कारण दोन्ही बाजू एकाच प्रवाहात गुंफलेल्या असतात, मधून कापता येत नाहीत. बोलण्याचा मोनो आवाज असल्याने एएसी या आवाजाच्या प्रकारात ९६ ते १२८ किलोबिट ठेवलं तर कानाला फरक कळत नाही.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅमची वाटही आहे. आवाज दुरुस्तही करायचा असेल, खरखर कमी करायची असेल, तर तीच बरी. त्यात ट्रॅकच्या नावावर क्लिक केल्यावर 'स्प्लिट स्टिरिओ ट्रॅक' आणि 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' असे दोन जुळ्यासारखे पर्याय येतात. दुसरा घ्या. पहिल्यात डावी बाजू डावीकडेच टांगलेली राहते आणि तयार फाइल एकाच कानात वाजते. नको असलेली भाषा काढून टाकून उरलेली निर्यात करा, मग चित्राशी जोडा. मधली फाइल वेव्ह, म्हणजे न दाबलेली ठेवलीत तर मिनिटाला साधारण ५ एमबी, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला ६०० एमबीच्या थोडं वर. तेवढी जागा मोकळी असू द्या. वेव्हऐवजी दोन्ही भाषांची एमपी३ करून ती मग तोडायची, असं करू नका. आधी बाजू वेगळ्या करायच्या, मग दाबायचं.

असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण यातच एका नेहमीच्या तक्रारीचं उत्तर आहे. 'चॅनेल वेगळा केला तरी मागून दुसऱ्या भाषेचं सूं-सूं ऐकू येतं' ही ती तक्रार. व्हीसीडीतला आवाज एमपीईजी लेयर २ प्रकारचा असतो. त्यात स्टिरिओ साठवण्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. 'ड्युअल चॅनेल' म्हणून जो आहे तो नेमका अशाच कामासाठी, दोन स्वतंत्र आवाजांसाठी. पण डिस्क करणाऱ्याने 'जॉइंट स्टिरिओ' वापरला असेल, तर वरच्या पट्टीचे आवाज दोन्ही बाजूंचे मिळून एकदाच साठवलेले असतात. स, श, च असल्या अक्षरांची धार त्याच वरच्या पट्टीत असते. म्हणून दुसऱ्या भाषेतलं वाक्य कळत नाही, पण तिचे शकार मागून झिरपत राहतात. हे डिस्क बनतानाच झालेलं असतं, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. वरची पट्टी थोडी खाली ओढली तर त्रास कमी होतो, पण बोलणं जरा झाकल्यासारखं वाटतं. मी तसंच राहू देतो. कमी बिटरेटची जॉइंट स्टिरिओ एमपी३ केलीत तर असलीच गळती तुम्ही स्वतः तयार कराल.

डॅट फाइल काही प्रोग्रॅम उघडतच नाहीत. तिच्यात सीडीच्या सेक्टरचं वेष्टण तसंच राहिलेलं असतं. व्हीएलसी आणि एफएफएमपेग ती वाचतात. बाकी कुणी कुरकुर केली तर एफएफएमपेगमधून सगळं नुसतं कॉपी करून एमपीजी फाइल करून घ्या.

सिनेमा दोन-तीन डिस्कवर असेल तर प्रत्येक डिस्क वेगळी तपासा. माझ्याकडच्या एका संचात दुसऱ्या डिस्कवर डावी-उजवी चक्क उलटी होती. मी तिन्ही फायलींना एकच कमांड लावून निवांत झोपलो, आणि नायक मध्यंतरानंतर परकी भाषा बोलायला लागला.

ओरखडे पडलेल्या डिस्कवर आणखी एक भानगड होते. वाचताना काही तुकडे गळतात, आणि आवाज वेगळा काढलात तर तो चित्रापेक्षा आखूड भरतो. ओरखड्याच्या जागेपासून पुढे ओठ मागे आणि शब्द पुढे. म्हणून आवाज वेगळा काढून पुन्हा जोडण्यापेक्षा शक्यतो एकाच फेरीत काम उरका, आणि तयार फाइल सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी अशी तीन ठिकाणी बघा. सुरुवात बरोबर आहे म्हणून शेवट बरोबर असेलच असं नाही.

आता डिस्क डीव्हीडी निघाली तर. तिथे एका सिनेमाला आठपर्यंत स्वतंत्र ऑडिओ ट्रॅक असू शकतात, त्यामुळे काही मिसळायचा किंवा तोडायचा प्रश्न नाही. मेकएमकेव्ही या प्रोग्रॅममध्ये डिस्क उघडा, नको त्या भाषेवरची खूण काढा, सेव्ह करा. चित्र आणि आवाज दोन्ही जसेच्या तसे एमकेव्ही फाइलमध्ये येतात. तरी दोन खड्डे आहेत.

एक, व्हीओबी फाइल थेट उघडलीत तर ट्रॅकला भाषेचं नाव दिसत नाही. भाषेची खूण आयएफओ फाइलमध्ये असते, व्हीओबीत नाही. त्यात भर म्हणजे ट्रॅकचा क्रम मेनूतल्यासारखाच दिसेल याचीही हमी नाही. ऐकूनच ठरवा.

दोन, एफएफएमपेगला कुठला ट्रॅक हवा ते सांगितलं नाही, तर तो स्वतःच्या मनाने जास्त चॅनेलवाला घेतो. हवी असलेली भाषा स्टिरिओत आणि दुसरी पाच अधिक एक, म्हणजे सहा चॅनेलमध्ये असेल, तर दर वेळी दुसरीच हाती लागते आणि माणूस चक्रावतो. 'मॅप' देऊन ट्रॅक ठरवून घ्या.

डीव्हीडीवरही एखाद्या वेळी डावी-उजवीचा खेळ सापडतो, विशेषतः जुन्या टेपवरून उतरवलेल्या कार्यक्रमांत. तेव्हा वरची व्हीसीडीची कृती जशीच्या तशी लागू पडते.

विकत घेतलेल्या डीव्हीडीवर बहुधा कॉपीविरोधी कुलूप असतं. ते उघडण्याबाबत प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, तुमच्याकडचे बघून घ्या. स्वतःच्या डिस्कची स्वतःपुरती प्रत एवढंच इथे धरलं आहे.

आणि दुसरी भाषा खरंच टाकून द्यायची आहे का, याचाही एकदा विचार करा. एमकेव्हीत दोन्ही ठेवून हवी तिला 'डीफॉल्ट' अशी खूण करता येते, एमकेव्हीटूलनिक्समध्ये काही सेकंदांचं काम आहे. व्हीसीडीचेही दोन चॅनेल दोन वेगळे मोनो ट्रॅक करून एकाच फाइलमध्ये बसवता येतात, मी हल्ली तसंच करतो. काही टीव्ही पेनड्राइव्हवरची फाइल लावताना ही खूण न बघता पहिलाच ट्रॅक उचलतात, म्हणून हवी ती भाषा क्रमानेही पहिली ठेवा.

आधी व्हीएलसीतली डाव्या-उजव्याची चाचणी करा आणि काय ऐकू आलं ते कळवा. दोन्ही बाजूंना दोन्ही भाषा सारख्याच ऐकू येत असतील तर तुम्ही मूळ डिस्क न वापरता आधीच मोनो झालेली प्रत लावली असण्याची शक्यता जास्त, तेव्हा चाचणी डिस्कवरूनच करा.