दारू दुकानाच्या परवान्याच्या सुनावणीत साक्षीदाराला यायला भाग पाडता येतं का? खोटं बोलला तर शिक्षा होते का?

भाग पाडायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. "गरीब माणसाला साक्षीला कशाला ओढता" म्हणणाऱ्यांमुळेच आमच्या गावात शाळेसमोर दुकान आलं.

मी चोपड्याकडच्या एका गावात शाळेवर होते. देशी दारूचं दुकान तिथे स्थलांतरित करायचं घाटत होतं. शाळेपासून किती लांब हवं ते नियमात ठरलेलं, म्हणून मोजणी झाली. टेपचं टोक धरायला शाळेचाच शिपाई घेतला. त्याने ते धरलं मागच्या फाटकाला. ते फाटक कायम कुलूपबंद, कडी गंजलेली, खाली गुडघाभर गाजरगवत. पोरं येतात-जातात ते पुढच्या फाटकातून, दुकानाच्या तोंडावरच. मी वर्गाच्या खिडकीतून सगळं बघत होते. पंचनाम्यात मात्र आलं, 'शाळेच्या मुख्य प्रवेशद्वारापासून', आणि खाली शिपायाची सही.

आम्ही बायांनी हरकत घेतली. सुनावणीत शिपाई म्हणाला, पुढच्याच गेटपासून मोजलं साहेब. त्याला दोन प्रश्न विचारू द्या म्हणून मी उभी राहिले, तर गरज नाही म्हणून बसवलं. बाहेर आल्यावर त्याला गाठलं. खाली बघत तो म्हणाला, "बाई, माले कोनी शपथ दिनी व्हती का?"

कायद्याचं म्हणणंही हेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ प्रमाणे खोटी साक्ष केव्हा, तर माणूस शपथेने किंवा कायद्याने खरं सांगायला बांधलेला असेल तेव्हाच. शिक्षा कलम २२९ मध्ये: न्यायिक कार्यवाहीत सात वर्षांपर्यंत, इतर ठिकाणी तीन. म्हणून पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्या की पंचांना बोलवा, जबाब शपथेवर घ्या, उलटतपासणी करू द्या. पोच घ्या. नाकारलं तर नाकारल्याचं लेखी मागा, अपिलात तेच कामाला येतं. पंचनाम्याची नक्कल माहिती अधिकारात काढा. जमीन महसूल संहितेखालच्या चौकशीत कलम २२७ ने समन्स निघतं आणि कलम २३७ ने ती चौकशी न्यायिक कार्यवाही धरली जाते. परवाना मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येतो, त्यामुळे ही कलमं तिथे आपोआप लागत नाहीत. बांधाच्या भांडणाला शपथ आणि शाळेसमोरच्या गुत्त्याला नुसता कागद, हे मला आजही पटत नाही.

आमचे थोरले दीर नाना आजही म्हणतात, शिपायाला गावात राहायचं होतं, त्याला शपथेत अडकवून काय मिळालं असतं? नाना, त्याला गावात राहायचं होतं म्हणूनच समन्स हवं होतं. दुकानवाल्याला तोंडावर सांगता आलं असतं, "मी आपणहून गेलो नाही, मला बोलावलं, शपथ दिली, खोटं बोललो तर आत जाईन." सक्ती नसली की दुबळ्या माणसाला खरं बोलायला काही निमित्तच उरत नाही. जो मोठा आहे तो तसाही बोलतो.

मी वकील नाही, हेही सांगते. नजरचुकीने चुकीचं सांगितलं तर तो गुन्हा नाही, जाणूनबुजून खोटेपणा दाखवावा लागतो. न्यायालयातल्या खोट्या साक्षीची फिर्याद तुम्ही थेट करू शकत नाही, न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलमं २१५ आणि ३७९). परवान्याची सुनावणी म्हणजे न्यायालय का, यावरच वकील आधी भांडतील.

आणि तुमच्याकडचं दुकान आधीच सुरू असेल तर साक्षीदारांच्या मागे फिरूच नका. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मतदान मागा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीच्या चिन्हाला मत दिलं की दुकान बंद. मतदान गुप्त असतं, त्यामुळे कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. सह्यांची पडताळणी होते तेव्हा मात्र प्रत्येक बाई जागेवर हजर ठेवा, मजुरीचा दिवस असला तरी.