ईआरसीपी ‘फेल’ झाली असेल तर आधी हे विचारा

ताई, ‘तार पित्तनलिकेत गेली नाही, ईआरसीपी फेल’ एवढीच एक ओळ हातात देऊन तुमच्या सासूबाईंना घरी पाठवलं, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि चार वर्षांपूर्वीचे आमचे बाबा डोळ्यांपुढे आले. मी डॉक्टर नाही, दोन हॉस्पिटलांचे बाक झिजवलेला मुलगा आहे. त्या मापानेच घ्या. (ईआरसीपी म्हणजे तोंडातून आतड्यापर्यंत दुर्बीण नेऊन, तिच्यातून पित्तनलिकेत तार घालून तिथला खडा किंवा अडथळा काढणं.)

फेल म्हणजे डॉक्टर कच्चा, असं लगेच धरू नका. बहुतेकांच्यात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी एकाच बारीक तोंडाशी उघडतात, त्यामुळे तार पुन्हा पुन्हा स्वादुपिंडातच शिरते. मग ती तिथेच ठेवून शेजारून दुसरी घालतात, नाहीतर सुईसारख्या चाकूने छेद देऊन वाट करतात (याला प्रीकट म्हणतात). युरोपियन एंडोस्कोपी संघटनेच्या २०१६ च्या सूचनांत ‘अवघड’ कशाला म्हणायचं तेही मोजून दिलंय: ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ, त्या तोंडाला ५ पेक्षा जास्त वेळा टेकवणं, किंवा एकाहून जास्त वेळा तार चुकून स्वादुपिंडात जाणं. माझ्या मते वेळेवर थांबतो तो डॉक्टर चांगला. हट्टाने टोचत राहिलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती वाढते.

आता आमची चूक. बाबांचं तरुणपणी अल्सरचं ऑपरेशन झालं होतं. जठराचा खालचा भाग काढून उरलेला लहान आतड्याला जोडलेला. फॉर्मवर ‘पूर्वीची ऑपरेशन्स’ या रकान्यात मीच ‘नाही’ लिहिलं! इतकी जुनी गोष्ट, कोणाच्या लक्षात राहते? अशा पोटात नेहमीची वाट नसते. दुर्बीण आतड्याच्या फाट्यातून खालून वर न्यावी लागते आणि ते तोंड उलटं दिसतं. पहिल्या ठिकाणी बराच वेळ खटपट झाली, मग सोडून दिलं. डिस्चार्ज कार्डावर कारण नाही. नोट्सची प्रत मागितली तर रेकॉर्डच्या खिडकीवर ‘सोमवारी या’. सोमवारी गेलो तर ‘सही व्हायची आहे’. तेवढ्यात बाबांना थंडी वाजून ताप भरला.

दुसऱ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी बंडी वर केली आणि विचारलं, “हा वण कसला?” मला तिथेच घाम फुटला. त्यांनी नेहमीच्या बाजूला पाहणाऱ्या दुर्बिणीऐवजी सरळ पाहणारी वापरली, खडा काढला, पित्त वाहतं राहावं म्हणून तात्पुरता स्टेंट (बारीक नळी) टाकला.

म्हणून तुम्ही दोनच गोष्टी करा. सासूबाईंचं कुठलंही जुनं ऑपरेशन आठवा, अगदी तीस वर्षांपूर्वीचं. आणि कुठे अडलं ते लेखी घ्या: तोंडापर्यंत पोचलेच नाहीत, की पोचून तार गेली नाही? पोचून अडलं असेल तर दोन-चार दिवस थांबून अनुभवी हाताने पुन्हा प्रयत्न करता येतो. नाहीतर यकृतातून सुईने वाट काढतात (पीटीबीडी), आणि कधी तीच तार खाली आणून दुर्बिणीने पकडतात. पण ताप, थंडी, कावीळ यांतलं काही वाढलं तर थांबू नका, त्याच रात्री दाखल करा.

गुदद्वारातून डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅमची गोळी देणार का, तेही विचारा. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला येणारी सूज टाळण्यासाठी देतात. किडनीचा त्रास किंवा ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि प्लास्टिकचा स्टेंट पडलाच, तर काढायची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो, आणि आठवण करून द्यायला हॉस्पिटलातून फोन येईलच असं नाही. आम्हाला तरी आला नव्हता.