फुटबॉलचा सामना हरल्यास दोष आक्रमणाचा की बचावाचा?

आपला महाविद्यालयीन संघ अंतिम सामन्यात ४-३ असा हरला, तेव्हापासून सगळे बचावफळीला बोलत आहेत आणि हे बोलणे न्याय्य आहे का, असे आपण विचारले आहे. मी बारा वर्षे स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो आहे, त्यामुळे निःपक्षपातीपणाचा आव आणत नाही. माझे मत असे की, जे गोल बचावपटूच्या नावावर मांडले जातात त्यांतील बहुतेकांची सुरुवात पुढच्या कोणीतरी चेंडू घालवून कमरेवर हात ठेवून उभे राहण्यात झालेली असते.

आपली भाषाही या बाबतीत पक्षपाती आहे. आघाडीवीराने रिकाम्या गोलसमोरून चेंडू बाहेर मारला, तर प्रेक्षक ‘अरेरे, थोडक्यात गेला’ म्हणून हळहळतात. बचावपटूचा पाय एकदा घसरला, तर ‘याने मॅच घालवली’ म्हणतात. गोल मारला तो एकाने मारला आणि खाल्ला तो मात्र आम्ही चौघांनी व गोलकीपरने. त्या पंगतीत सेंटर फॉरवर्ड कधीच बसलेला नसतो.

१९९१ च्या पावसाळ्यात बेळगावातील टिळकवाडीच्या लेले मैदानावर एका स्थानिक स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही खेळलो. आमचा संघ शहापूर आणि खडक गल्ली येथील पोरांचा मिळून झालेला होता आणि समोर गोव्याहून आलेला संघ होता. आदल्या रात्रभर पाऊस झाल्यामुळे मैदानाचा मधला भाग चिखलाने भरला होता. चेंडू तेथे पडला की उसळत नव्हता, जागीच रुतत होता. ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ होते. पहिल्या हाफमध्ये आमच्या सेंटर फॉरवर्डने कॉर्नरवर डोक्याने सुरेख गोल केला. तो गोल मी आजही नाकारत नाही. त्याचे नाव लिहीत नाही, कारण चार वर्षांनी त्याच्या बहिणीशी माझे लग्न झाले आणि तेव्हापासून तो माझा मेहुणा आहे.

दुसरा हाफ सुरू झाल्यावर आम्ही मागचे चौघे शहाणपणाने खेळत होतो. त्या काळी आपल्या खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात उचलता येत असे. ही सोय १९९२ मध्ये बंद झाली. एका गोलची आघाडी आणि असला चिखल असताना चेंडू गोलकीपरकडे द्यावा, त्याने तो दोन वेळा आपटावा, लांब मारावा आणि मिनिटे सरू द्यावीत, एवढेच आम्हांला करायचे होते. परंतु आमच्या सेंटर फॉरवर्डला एका गोलवर समाधान नव्हते. ‘बॉल पुढे द्या रे, घाबरताय कशाला?’ असे तो हात उंचावून ओरडत होता आणि काठावरचे प्रेक्षकही त्याच्याच बाजूने ओरडू लागले होते. एकदा त्याला चेंडू मिळाला, उजवीकडे आमचा विंगर पूर्णपणे मोकळा होता, तरीही यानेच दोघांना चकवण्याचा प्रयत्न केला आणि चेंडू चिखलात रुतला. ती संधी गेली, ती कोणाच्याच लक्षात राहिली नाही.

त्यानंतर आम्हांला एक कॉर्नर मिळाला. सेंटर फॉरवर्डने आमच्या दोन्ही फुलबॅकना, म्हणजे कडेच्या बचावपटूंना, पुढे बोलावले आणि मला न विचारता बोलावले. कॉर्नर आखूड पडला, त्यांच्या खेळाडूने तो एका फटक्यात मध्यरेषेपलीकडे लावला आणि मागे राहिलेल्या आम्हां दोघांवर त्यांचे तिघे धावून आले. या तिघांच्या मागे आमचा एकही खेळाडू धावताना दिसला नाही. पुढचे सगळे डोक्यावर हात घेऊन हुकलेल्या कॉर्नरचा शोक करत उभे होते. १-१ झाले. शेवटची पाचेक मिनिटे उरलेली असताना मध्यरेषेजवळ चेंडू पुन्हा गेला, आमच्या मधून एक सरळ पास आला, मी ऑफसाइडसाठी (पास सुटताना बचावाच्या पलीकडे गेलेल्या खेळाडूविरुद्धच्या निर्णयासाठी) हात वर केला, शिट्टी वाजली नाही आणि आम्ही २-१ असे हरलो.

दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात चार ओळींची बातमी आली. तिच्यात मेहुण्याचा गोल होता आणि पराभवाचे कारण म्हणून ‘बचावफळीतील ढिलाई’ होती. ते कात्रण माझ्या सासुरवाडीत अल्बममध्ये चिकटवून ठेवलेले आहे. लग्नापूर्वी मेहुणा मला यावरून शिव्या घालत असे. लग्नानंतर शिव्यांची जागा ‘दाजी’ने घेतली, आरोप मात्र तसाच राहिला. दरवर्षी भाऊबीजेला तो आमच्या घरी येतो, ओवाळून घेतो, पोटभर जेवतो आणि बडीशेप तोंडात टाकता टाकता म्हणतो, ‘दाजी, त्या दिवशी तुम्ही हात वर केला नसता, तर कप आपलाच होता की.’

मी नोकरी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, केली. तेथेही हाच प्रकार पाहिला. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, दिसायला निर्दोष असते, मशीनशॉपमध्ये त्याचा वरचा थर उतरवला की आतले ब्लोहोल, म्हणजे वायूने पडलेली पोकळी, उघडे पडते आणि रिजेक्शनची पहिली बोलणी मशीनवरच्या माणसाला बसतात. पण मोल्डची वाळू अधिक ओली राहिल्यामुळे वायू धातूत अडकला, ही गोष्ट काम त्याच्या हाती येण्याच्या कितीतरी आधी घडलेली असते. दोष त्याच्या टेबलावर दिसला, एवढाच त्याचा अपराध. गोलपोस्टजवळ उभ्या असलेल्या माणसाची अवस्था याहून निराळी नसते.

माझ्या मेहुण्याला हे पटत नाही, म्हणून मी त्याला १९५० च्या विश्वचषकाचे उदाहरण देतो. रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेविरुद्ध ब्राझीलला विजेतेपदासाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. त्याआधीच्या दोन सामन्यांत याच संघाने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरवले होते, म्हणजे १८० मिनिटांत १३ गोल केले होते. उरुग्वेविरुद्ध त्याच आक्रमणाने ९० मिनिटांत एकच गोल केला आणि ब्राझील २-१ असा हरला. उरुग्वेच्या घिजियाने ७९ व्या मिनिटाला मारलेला दुसरा गोल जवळच्या पोस्टच्या बाजूने आत गेला, आणि ती बाजू राखणे गोलकीपरचेच काम मानले जाते, त्यामुळे ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसा याला दोषी ठरवण्यात आले आणि हा ठपका २००० साली त्याचा मृत्यू होईपर्यंत त्याच्या मागे राहिला. १३ गोल करणारे पाय त्या दिवशी कोठे होते, हा प्रश्न मात्र त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला.

अलीकडचे उदाहरण हवे असल्यास इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील लिव्हरपूल आणि चेल्सी यांचा एप्रिल २०१४ चा सामना आठवावा. पहिल्या हाफच्या अखेरीस लिव्हरपूलच्या जेरार्डचा पाय घसरला, चेल्सीच्या डेम्बा बाने गोल केला आणि लिव्हरपूलचे विजेतेपद त्या घसरण्यामुळे गेले, असे आजही सांगितले जाते. जेरार्ड मधल्या फळीचा खेळाडू असूनही त्या क्षणी सर्वांत मागे होता, म्हणून बोलणी त्याला बसली. पण त्यानंतर पूर्ण दुसरा हाफ शिल्लक होता, चेंडू बहुतांश वेळ लिव्हरपूलकडे होता आणि त्या हंगामात लीगमध्ये १०१ गोल करणाऱ्या या संघाला चेल्सीविरुद्ध एकही गोल करता आला नाही. उलट शेवटी आणखी एक गोल खाऊन तो २-० असा हरला.

‘मागच्यांना गोल करणे काय असते ते कळत नाही,’ असेही मेहुणा अधूनमधून म्हणतो. त्यावर माझे उत्तर जर्नेल सिंग हे आहे. जकार्ता येथील १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत हा आपला स्टॉपर डोक्याला जखम झाल्यामुळे टाके घालून खेळत होता. प्रशिक्षक रहीम यांनी त्याला आघाडीला खेळवले आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध भारताने २-१ असा विजय मिळवला, त्यातील एक गोल जर्नेलचा होता. स्टॉपर पुढे जाऊन सुवर्णपदक जिंकून देतो. आमच्या सेंटर फॉरवर्डला त्या दिवशी मध्यरेषेपर्यंत मागे येणेही जमले नाही.

आता आपल्या सामन्याविषयी. कोणी मोबाइलवर चित्रण केले असेल, तर चारही गोल पाहताना प्रत्येक गोलच्या पंधरा-वीस सेकंद आधी चित्र थांबवावे. चेंडू कोणी घालवला, घालवल्यानंतरच्या तीन-चार सेकंदांत त्याने काय केले आणि गोल होताना चेंडूच्या मागे आपले किती खेळाडू होते, हे मोजावे. चेंडू घालवणारा चालत परतत असेल, तर पुढच्या सामन्यात त्याला बाहेर बसवावे, मग त्याने कितीही गोल केलेले असोत. गोल केलेल्या माणसाला बाहेर बसवण्याचे धाडस आमच्या प्रशिक्षकांना झाले नाही. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. गोल फ्री किकवर किंवा त्यांच्या कॉर्नरवर झाले असतील, तर मार्किंग, म्हणजे समोरच्या खेळाडूला चिकटून राहणे, बचावाचेच काम आहे आणि तेथे माझे वरचे विवेचन लागू पडत नाही. तीन गोल करूनही संघ हरतो, तेव्हा पुढच्यांची तक्रार काही प्रमाणात खरी मानावी लागते. वर सांगितलेल्या लिव्हरपूलनेही त्या हंगामात ५० गोल खाल्ले होते. विजेत्या मँचेस्टर सिटीने १०२ गोल करून ३७ च खाल्ले आणि दोन गुणांच्या फरकाने विजेतेपद नेले.

माझ्या वर केलेल्या हाताविषयीही लिहिणे भाग आहे. पास सुटला तेव्हा त्यांचा खेळाडू माझ्या खांद्याला खांदा लावून होता. मी ज्या नियमावर खेळ शिकलो, त्यानुसार शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असलेला खेळाडू ऑफसाइड असे. १९९० मध्ये तो नियम बदलला आणि रेषेत असलेला खेळाडू ऑनसाइड ठरू लागला. आमच्या संघात हे कोणी सांगितले नव्हते, मीही वाचले नव्हते. मला ते त्या सामन्यानंतर कितीतरी वर्षांनी कळले. पंच बरोबर होते. हात वर करून मी जे दोन क्षण थांबलो, तेवढ्यात तो माझ्या पुढे निघून गेला. हे मी मेहुण्याला अजून सांगितलेले नाही आणि येत्या भाऊबीजेलाही सांगणार नाही, कारण तो ही एवढीच गोष्ट धरून ठेवील आणि फुलबॅकना पुढे कोणी बोलावले हा विषय कायमचा बंद होईल.

आपण चित्रण पाहाल तेव्हा चौथ्या गोलच्या आधीचा कॉर्नर आपल्याच संघाचा होता का, हे सर्वांत आधी तपासावे आणि तसे असल्यास मला अवश्य कळवावे.