अमेरिकेत घरी कामाला येणाऱ्यांना टिप द्यायची का?

तुम्ही विचारलंय की रेस्टॉरंटमधल्या टिपबद्दल सगळेच सांगतात, पण न्यू जर्सीत घर लावताना सामान आणणारे, नळ दुरुस्त करणारा, साफसफाईला येणारी बाई, पोस्टमन यांचं काय? शिवाय मिस्टर म्हणतात, बिलात सगळं आलं, वर कशाला द्यायचे? मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे.

आधी रेस्टॉरंटचे १५-२० टक्के डोक्यातून काढा. तिथली टिप जवळपास सक्तीची झाली, कारण केंद्रीय कायद्याने टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांत जास्त द्यावे लागतात, पण पद्धत तीच. घरी येणाऱ्या कारागिराचा पगार सहसा असा टिपेवर टेकलेला नसतो.

मी एकच बघते: दर कोण ठरवतंय? प्लंबर, इलेक्ट्रिशियन, हीटिंगवाला स्वतःचा दर स्वतः सांगतात. बरेचजण नुसतं घरी येण्याचे वेगळे लावतात, मग मजुरी, मग पार्ट्सचे. त्यांना टिप नको. रात्री-अपरात्री तळघरात पाणी भरलं म्हणून धावत आला, तरी तातडीचा जादा दर त्याने लावलेलाच असतो. पाणी, कॉफी विचारा. काम आवडलं तर गूगलवर चार ओळी लिहा. एकट्याने धंदा करणाऱ्याला पुढची कामं त्यातूनच मिळतात.

मूव्हर्सची, म्हणजे घरसामान हलवणाऱ्यांची, गोष्ट निराळी. तुम्ही कंपनीला भरलेल्या रकमेतला थोडाच भाग सामान उचलणाऱ्याच्या हातात पडतो. सोफा जिन्याच्या वळणावर अडकतो, तेव्हा दोघं त्याचे पाय काढतात, उभा करतात, भिंतीला ओरखडा नको म्हणून ब्लँकेट धरतात आणि इंच इंच वर सरकवतात. हे बघितल्यावर टिप द्यायची का, हा प्रश्न उरत नाही. माणशी २० ते ५० डॉलर, काम किती तासांचं आणि जिने किती त्यावर. फोरमनकडे एकगठ्ठा देऊ नका, प्रत्येकाच्या हातात वेगळे द्या. आणि ट्रक रिकामा होऊन खोकी मोजून झाल्यावरच. काही कंपन्या बिलातच टिप धरतात, ती ओळ आधी शोधा. एटीएममधून बहुतेक वेळा २०च्याच नोटा येतात, तेव्हा पाच-दहाच्या बँकेच्या काउंटरवरून घेऊन ठेवा. फर्निचर किंवा फ्रिज आत आणून लावून देणाऱ्यांना माणशी पाच-दहा, जास्तीत जास्त २०. दाराशी पार्सल ठेवून जाणाऱ्याला काही नाही.

पोस्टमनला रोख रक्कम द्यायचीच नाही. तो केंद्र सरकारचा नोकर, त्याला रोख घ्यायला मनाई आहे. एका वेळी २० डॉलरपर्यंतची भेटवस्तू चालते आणि एका घराकडून वर्षाला ५०च्या वर नाही. डिसेंबरमध्ये चॉकलेटचा डबा बास.

खरा विचार करावा लागतो तो साफसफाईवाल्या बाईचा. कंपनीने पाठवली असेल तर तिला दर वेळी थोडं द्या, कारण दर कंपनीचा असतो. स्वतःच काम धरणारी असेल तर दर वेळी नको. डिसेंबरमध्ये एका खेपेचे पैसे जास्तीचे द्यायची इथे पद्धत आहे. पण माझं स्पष्ट मत सांगू का? दर शुक्रवारी ओट्यावर पाच डॉलर ठेवायचे आणि आपण महिनाभर भारतात गेलो की 'या महिन्यात नको हं' म्हणून मोकळं व्हायचं, हा उदारपणा मला पटत नाही. तिचं त्या महिन्याचं भाडं त्या खेपांवर असतं. टिप देऊ नका हवी तर, पण रद्द केलेल्या खेपांचे निदान अर्धे तरी द्या.

मुलांना सांभाळायला कायमची बाई ठेवणार असाल तर टिपेच्या आधी कराचं बघा. काम कसं आणि केव्हा करायचं हे तुम्ही ठरवत असाल, तर कायद्याने ती तुमची नोकर ठरते. २०२५ साली एकीला वर्षात २,८०० डॉलर किंवा जास्त पगार दिला, की सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांचे कर लागू होत होते: पगाराच्या ७.६५ टक्के तुमचे, तितकेच तिचे. ही मर्यादा बदलत राहते, त्या त्या वर्षीची बघून घ्या. ते चुकवून वर्षाअखेरी एका आठवड्याचा पगार बोनस दिलात, तरी म्हातारपणी तिच्या नावावर काहीच जमा झालेलं नसतं.

फ्लॅट घेतलात तर इमारतीचा सुपर, म्हणजे देखभाल बघणारा माणूस, डिसेंबरमध्ये पाकिटाची अपेक्षा ठेवतो. शेजाऱ्यांना विचारून रक्कम ठरवा, सगळीकडे वेगळी असते.

हल्ली कार्पेट धुणारासुद्धा काम झाल्यावर टॅबलेट पुढे करतो, त्यावर १८, २०, २५ टक्क्यांची बटणं. पुष्कळदा ती पैसे घेण्याच्या सॉफ्टवेअरमध्येच आलेली असतात, त्या माणसाने मुद्दाम मागितलेलं नसतं. 'नो टिप' कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं, ते दाबायला लाजू नका. द्यावंसं वाटलंच तर रोख द्या, म्हणजे ते त्याच्याच खिशात जातील.