पिना उतरवणारी स्प्रिंग

प्रश्न : आमच्या जुळणी यंत्रावर व्हायब्रेटरी बाऊल फीडरमधून (थरथरून पिना ओळीने पुढे सरकवणाऱ्या वाडग्यातून) ६ मिमी व्यासाच्या, २० मिमी लांबीच्या डॉवेल पिना (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या गोल पिना) प्लास्टिकच्या नळीतून प्रेसच्या हेडपर्यंत उतरतात. हेड वरखाली होताना नळीला मुरड पडते आणि पिना अडकतात. नळीऐवजी स्प्रिंग लावावी, असे आम्हांला सुचवण्यात आले आहे. ती कशी निवडावी?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : सूचना योग्य आहे, मात्र वेटोळी एकमेकांना चिकटलेली टेन्शन स्प्रिंगच घ्यावी, कारण कॉम्प्रेशन स्प्रिंगच्या मोकळ्या फटींत पिनेची कड अडकते. टेन्शन स्प्रिंग वाकली तरी तिचे छिद्र चपटे होत नाही. शिवाय पिनेबरोबर येणारे तेल तिच्या वळणावरच्या बारीक फटींतून झिरपून जाते.

आतला व्यास किती ठेवावा, हे पिनेच्या जाडीइतकेच वळणावर अवलंबून असते, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. ताठ पिन वळणातून जाताना मधोमध आतल्या बाजूला आणि दोन्ही टोकांशी बाहेरच्या बाजूला टेकते. म्हणून पिनेच्या अर्ध्या लांबीच्या वर्गाला, वळणाच्या त्रिज्येची दुप्पट अधिक पिनेचा व्यास या बेरजेने भागले, की किमान मोकळीक मिळते. आपल्या पिनेला १०० मिमी त्रिज्येच्या वळणावर ती ०.४९ मिमी, तर ५० मिमीच्या वळणावर ०.९४ मिमी लागते. हा निव्वळ भूमितीचा हिशेब झाला. बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची कूस) आणि तारेतला फरक धरून त्यावर पाव मिलिमीटर तरी सोडावे, म्हणजे १०० मिमीच्या वळणासाठी छिद्र साधारण ६.८ मिमी येईल. वळण मोजताना हेड अगदी वर आणि अगदी खाली नेऊन, त्यांतले जे आवळ असेल तेच धरावे. ऑर्डर देताना बाहेरचा नव्हे, तर आतला व्यास लिहून द्यावा.

टोकांकडे विशेष लक्ष द्यावे. स्प्रिंग बुशच्या (धातूच्या आखूड नळीच्या) आत बसवून बाहेरून आवळावी. तिच्या आधीचे छिद्र तिच्यापेक्षा किंचित लहान आणि नंतरचे किंचित मोठे ठेवून त्याला चॅम्फर (तोंडाशी तिरकी कड) द्यावा, म्हणजे उतरणाऱ्या पिनेला कुठेही पायरी लागणार नाही. तार कापलेल्या टोकाचा बर आतून घासून काढणे आवश्यकच आहे.

अर्धा मीटर स्प्रिंग भरली की तिच्यात २५ पिना, म्हणजे सुमारे ११० ग्रॅम वजन असते. त्या वजनाने आणि स्वतःच्या भाराने वरची वेटोळी उघडू लागतात; त्यामुळे गुंडाळतानाच पुरेसा इनिशियल टेन्शन (वेटोळी एकमेकांवर दाबून धरणारा मूळचा ताण) मागून घ्यावा आणि वरच्या भागाला पन्हळीचा आधार द्यावा.

पिना हवेच्या दाबाने ढकलल्या जात असतील, तर मात्र स्प्रिंगचा विचार सोडावा, कारण हवा फटींतूनच निघून जाईल. तिथे जाड भिंतीची पॉलियुरेथेन नळी आणि मोठे वळण हाच उपाय आहे.