फक्त घाटात तापणाऱ्या गाडीचा दोष कसा शोधावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये नुकतेच काम शिकू लागला आहात. तिथे आलेली एक जुनी पेट्रोल गाडी गावात व्यवस्थित चालते, पण पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढू लागली की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतो. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, रेडिएटर समोरून धुतला, कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळून वापरायचे द्रव) नवे भरले, तरी फरक पडलेला नाही. आता पुढे काय बदलावे?

तूर्त काहीही बदलू नका, हे माझे पहिले सांगणे आहे. गाडी नेमकी कधी तापते हे कळले की शोधाचे क्षेत्र एकदम लहान होते, त्यामुळे ग्राहकाला चार प्रश्न शांतपणे विचारणे हा दुरुस्तीचाच भाग समजावा. रेल्वे फाटकात उभी असताना तापणारी आणि रस्त्याला लागताच निवणारी गाडी बहुधा पंख्याच्या दोषाची असते, कारण वेग असताना वारा आपोआप मिळतो. उलट महामार्गावर ताशी ८०च्या वेगाने गाडी तापत असेल, तर वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या आहेत का, पाणी फिरवणाऱ्या पंपाची पाती झिजली आहेत का, किंवा इंजिनाचा वेग वाढवल्यावर रेडिएटरचा खालचा होज पाईप आत ओढला जाऊन चपटा होतो का, हे पाहावे लागते. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज कडक झाला, तर पाणी तापण्याआधीच दाब कुठून आला याचे उत्तर बहुतेकदा हेड गॅस्केटमध्ये (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधल्या सीलमध्ये) सापडते.

आपली गाडी या तिन्हींहून वेगळी आहे. घाटात इंजिनावर भार मोठा असतो आणि वेग मात्र दुसऱ्या गिअरचा असतो, म्हणजे उष्णता सर्वाधिक तयार होते तेव्हाच वारा कमी मिळतो. गावात गाडी ठीक चालते, यावरून यंत्रणा अर्ध्या ताकदीने काम करते एवढेच सिद्ध होते. ती पूर्ण ताकदीने चालते की नाही, हे घाटच दाखवतो. म्हणून ‘पंखा फिरतो, पाहिले’ एवढ्यावर समाधान मानू नये.

काढलेला थर्मोस्टॅट आधी परत बसवा. तो काढला की गाडी थंड राहते, ही समजूत गॅरेजांमध्ये फार खोल रुजलेली आहे. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो नसल्यास बरेचसे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून थेट इंजिनात परतते, आणि भाराखाली गाडी आधीपेक्षा जास्त तापू शकते. जुना थर्मोस्टॅट ठीक आहे की नाही हे पाहणे सोपे आहे. तो दोऱ्याने टांगून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवत राहा. त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास, बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८च्या दरम्यान, तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पुरता उघडला पाहिजे. बसवताना त्याच्या कडेचे हवा सुटण्याचे बारीक छिद्र वरच्या बाजूस ठेवावे.

त्यानंतर रेडिएटरची कॅप, म्हणजे त्याच्या तोंडावरचे झाकण. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय तिला हात लावू नका. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही, पण कॅप सैल होताच ते उसळून चेहऱ्यावर येते. कॅपवर साधारण ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब होय. एवढ्या दाबाने साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचे रबर किंवा स्प्रिंग थकली, तर ही सवलत नाहीशी होते आणि घाटात पाणी लवकर उकळून जास्तीच्या कूलंटच्या बाटलीत जाते. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा दिसला, तर कॅपमधला परतीचा लहान वाल्व अडकलेला असतो. हाताने दाब देण्याचा टेस्टर गॅरेजमध्ये असल्यास त्यानेच कॅपही तपासा आणि गळतीही: कॅपवरच्या आकड्याइतका दाब द्या, दहा-पंधरा मिनिटे काटा खाली येतो का ते पाहा, आणि वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रापाशी सुकलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ आहे का ते टॉर्चच्या उजेडात शोधा.

आता पंखा. किनाऱ्याजवळ वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. खारी हवा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढवते आणि बॉडीला जोडलेली अर्थची वायर गंजवते. पंखा फिरताना दिसतो, पण पूर्ण वेगाने फिरत नाही. रत्नागिरीकडच्या एका गाडीत नेमके हेच आढळले. आंबा घाटात तापते म्हणून तिचा रेडिएटर नवा बसवला होता, तरीही ती तापत होती. इंजिन चालू ठेवून मोजल्यावर बॅटरीच्या टोकांवर १३.८ व्होल्ट आणि पंख्याच्या कनेक्टरवर अवघे १०.६ व्होल्ट मिळाले. अर्थचा बोल्ट काढला, तर त्याखाली तपकिरी भुकटी होती. तो घासून स्वच्छ केला, वायरीच्या टोकाला नवी लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावली, आणि पंख्याचा आवाजच बदलला. मल्टिमीटर लावताना पंखा चालू असला पाहिजे, कारण विजेचा प्रवाह नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोटर कधी बदलली असेल तर वायरी उलट जोडल्या गेल्या नाहीत ना, हेही पाहा: रेडिएटरच्या मागे बसवलेल्या पंख्याने समोरच्या जाळीवर धरलेला कागद ओढून घेतला पाहिजे, तो उडवता कामा नये. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात घालण्याआधी त्याचे कनेक्टर काढावे.

रेडिएटर समोरून धुणे अपुरे आहे. समोर असतो तो एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), आणि पावसाळ्यातला लाल चिखल, पेंढ्याचे तुकडे, सुकी पाने अडकतात ती या दोघांच्या मधल्या फटीत. वरचे ब्रॅकेट सैल करून दोघांत अंतर करा आणि कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने धुवा. धुताना फिन्स (नळ्यांमधल्या धातूच्या पातळ पट्ट्या) बोटाला लागताच चुरा होऊन पडत असतील, तर नळ्या शाबूत असल्या तरी रेडिएटर बाद समजावा. नळ्या आतून चोंदल्या आहेत का हे इन्फ्रारेड थर्मामीटरने (न टेकवता लांबून तापमान मोजणाऱ्या) कळते: गरम रेडिएटरवर मधेच थंड पट्टा आढळला, तर तिथून पाणी फिरत नाही.

कूलंट किती घातले, हेही विचारून घ्या. घट्ट कूलंट निम्मे आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे हे प्रमाण योग्य. कूलंट जास्त घातल्याने गारवा वाढत नाही, उलट उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते. खाडीकाठच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मात्र मुळीच वापरू नका, त्यातले क्षार ॲल्युमिनियम खातात. काढलेले कूलंट गटारात ओतू नये. ते गोडसर लागत असल्याने कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात.

एवढे करूनही काटा चढला, तरच हेड गॅस्केटचा संशय धरा. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाचा टेस्टर लावा. ज्वलनाचे वायू येत असतील तर तो द्रव पिवळा पडतो. हेड उघडण्याचा खर्च ग्राहकाला सांगण्यापूर्वी ही चाचणी झालीच पाहिजे.

शेवटची परीक्षा गॅरेजच्या अंगणात होत नाही. स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र) जोडून, शेजारी कोणीतरी आकडे वाचायला घेऊन, एसी चालू ठेवून गाडी घाटात चढवा. बहुतेक गाड्यांत तापमान शंभरच्या आसपास पोहोचून पंखा लागल्यावर खाली येते. ते १०५च्या पुढे चढतच राहिले, तर एसी बंद करा, मोकळी जागा पाहून थांबा, आणि त्या क्षणी पंखा कसा चालतो, वरचा व खालचा होज किती अंश दाखवतो, हे थर्मामीटरने लांबूनच मोजून लिहून घ्या.